टायरमधली वाळू

मला त्या यंत्राची भीती पहिल्या दिवसापासून वाटत होती. फक्त ती चुकीच्या गोष्टीची वाटत होती.

माझा स्वभावच भित्रा आहे, हे आधी सांगून टाकते. नवरा म्हणतो, हिला गॅस चालू राहिल्याची भीती वाटते आणि बंद झाल्याचीही वाटते. म्हणू दे. घरात एक तरी माणूस घाबरणारं लागतं, त्याशिवाय बाकीच्यांना शूर होता येत नाही. त्यामुळे माझ्या सासऱ्यांनी एक गंजलेली जुनी गाडी टेम्पोवर लादून घरी आणली, तेव्हा मी रीतसर घाबरले. आधी तिच्या सीटखाली साप असेल म्हणून, मग ती उतरवताना कुणाच्या तरी पायावर पडेल म्हणून. साप निघाला नाही, उंदराचं घरटं निघालं.

सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. बाबांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. दुकानदाराचा काटा केसभर कलला तरी त्यांना झोप लागत नसे. घरी औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा ते भिंग लावून शेवटपर्यंत वाचणार, मग झाकण उघडणार. सासूबाई गेल्यावर हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. गाडी आली आणि ते खुर्चीतून उठले. म्हणून त्या खटाऱ्याबद्दल मी त्यांच्यासमोर एक शब्द काढला नाही. नवऱ्यासमोर खूप काढले.

"खारूला शाळेत याच गाडीतून सोडणार," बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. खारू म्हणजे आमची मुलगी. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण हाताला लागेल ते ती खारीसारखं गालात साठवून ठेवते, म्हणून खारू. बटण, पेन्सिलीचं टोक, मेलेली मुंगी, काहीही. तिच्या तोंडात बोट घालून गाल रिकामा करणं हे आमच्याकडे दात घासण्याइतकं रोजचं काम. तिची अजून दोन शब्द जोडून बोलायची मारामार होती, तेव्हा शाळेला अवकाश होता आणि गाडीलाही.

गंज काढायचा कसा, यावर बाबांचा बराच अभ्यास झाला. आधी कागदाने घासून पाहिलं. एका दरवाज्यातच खांदा धरला. मग त्यांच्या वाचनात आलं ते यंत्र: हवेच्या जोराने बारीक खडे पत्र्यावर मारायचे, की गंज आणि जुना रंग दोन्ही उडून जातात आणि खाली नवाकोरा पत्रा उरतो. ते घ्यायला बाबा गेले तेव्हा मीही बरोबर गेले, कारण ते फुटतं का, हे मला दुकानदाराला समक्ष विचारायचं होतं.

दुकानात तीन प्रकार मांडले होते. एक नुसती हातात धरायची बंदूक, डोक्यावर खड्यांचा डबा. बाबांनी ती उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "डबा लवकर संपतो आणि मनगट लवकर भरून येतं." दुसरी काचेची बंद पेटी, तिला दोन भोकं आणि त्यांत हातमोजे. धूळ आतल्या आत राहते, हे मला फार आवडलं. "छान आहे," बाबा म्हणाले, "पण यात दरवाजा कसा कोंबू?" तिसरी चाकांवरची टाकी, लांब नळी आणि पुढे चिनी मातीचं बारीक तोंड. दुकानदार मोठी टाकी गळ्यात मारायला बघत होता. बाबांनी त्याला हसून विचारलं, "हे टाकीवर चालतं की हवेवर? माझा कॉम्प्रेसर हवा देणार एवढीशी. तोंड रुंद घेतलं तर दोन फुंकरी मारून धाप लागून बसेल. अंथरूण पाहून पाय पसरावेत." त्यांनी सगळ्यांत लहान टाकी आणि सगळ्यांत अरुंद तोंड घेतलं. शिवाय हवेतलं पाणी अडवणारी एक बाटली घेतली, कारण ओल आली की खडे नळीतच गोळा होऊन बसतात.

मग आला खड्यांचा प्रश्न. "बांधकामाची वाळू चाळून टाका," दुकानदार म्हणाला. "सगळे तेच करतात. फुकटात काम."

बाबांचा चेहरा एकदम ऑफिसातल्यासारखा झाला. "वाळूचा कण पत्र्यावर आपटून फुटला की त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि मरेपर्यंत निघत नाही. दगड फोडणाऱ्या माणसांना विचारा. माझ्या घरात लहान मूल आहे." त्यांनी गार्नेटची पिशवी काढायला लावली. तांबूस, डाळिंबाच्या वाळलेल्या दाण्यांचा भुगा केल्यासारखी दिसणारी ती रेती वाळूच्या कितीतरी पट महाग होती. पिशवीवरचं सगळं बारीक अक्षर त्यांनी दुकानात उभं राहून मला मोठ्याने वाचून दाखवलं. विषारी नाही. फुफ्फुसाला घातक असा घटक जवळजवळ नाही. परतीच्या वाटेवर मी मनाशी म्हटलं, याच्याहून सावध माणूस अजून जन्माला यायचाय.

मी घाबरत राहिले ते टाकीला. बाबा गॅरेजात यंत्र चालू करायचे तेव्हा मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहायची. टाकी फुटली तर, नळी हातातून सुटून सापासारखी वळवळली तर, खडा डोळ्यात गेला तर. त्यांनी दारांच्या फटींना पट्ट्या लावल्या, गाडीभोवती जाड प्लॅस्टिकचा पडदा टांगला, डोक्यावर काच बसवलेली टोपी घातली. नाकावर मात्र साधं फडकं बांधलं, कारण चांगला मुखवटा लावला की श्वासाने टोपीची काच धुरकट होते आणि काम दिसत नाही. मला त्या फडक्याचं काही वाटलं नाही. मी टाकीकडे बघत होते. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

काम सुंदर होत होतं, हे नाकारून चालणार नाही. एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावून दरवाज्याची कड दाखवली. वरचा लाल रंग अर्धवट उडाला होता, त्याखाली शेंदरी प्रायमरचा थर होता आणि त्याखाली रुपेरी पत्रा. "बघ," त्या शेंदरी पट्टीवरून बोट फिरवत ते म्हणाले, "काय पक्कं काम करायचे तेव्हा. निघता निघत नाही." मग तेच बोट त्यांनी मिशीवरून फिरवलं. ही त्यांची जुनी सवय.

टाकणं हा शब्द बाबांच्या कोशात नाही. मारून झालेलं गार्नेट ते झाडून गोळा करत, चाळत, उन्हात परातीत वाळवत आणि पुन्हा टाकीत भरत. पुन्हा पुन्हा मारून त्याचं पीठ व्हायला आलं, पत्र्यावर चालेना, तेव्हाही ते उकिरड्यावर टाकायला त्यांचा हात उठेना. एवढ्या महागाचं आणि निर्धोक. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी ट्रकचा एक जुना टायर अंगणात झाडाखाली आडवा टाकला, आत प्लॅस्टिक अंथरलं आणि बादलीत तीन पाण्यांनी धुतलेलं ते तांबूस पीठ त्यात ओतलं. वर एक चमचा आणि प्लॅस्टिकची वाटी ठेवली.

"खारूताईंचं बीळ," बाबा म्हणाले.

खारू टायरात जी उतरली ती निघायला तयार होईना. मी फोटो काढला. माझ्या आईला पाठवला. आईने उत्तरात लिहिलं, असे आजोबा नशिबाने मिळतात.

त्यानंतर बाबा जरा बदलले, पण हळूहळू. चहाच्या कपाची बशीवर टकटक व्हायची. पोटात कळ आली की टेबलाची कड धरून उभे राहायचे आणि विचारलं तर गॅस म्हणायचे. चष्मा फ्रीजमध्ये सापडला. ज्या माणसाने जन्मात आवाज चढवला नव्हता तो एकदा स्क्रू सापडेना म्हणून नवऱ्यावर असा ओरडला की खारू दचकून रडायला लागली. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. साठी बुद्धी नाठी, नवरा म्हणाला. खारूही कुरकुरी झाली होती, जेवणाला तोंड फिरवायची. दाढा येत असतील, मी म्हटलं. घरात प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या शिरा शोधते. भित्री बाई सुया कशा टोचते, असं लोक विचारतात. दुसऱ्याच्या हाताची भीती वाटत नाही, एवढंच त्याचं उत्तर आहे. शहराबाहेर बॅटरीचा एक कारखाना आहे, तिथले कामगार ठरलेल्या वेळी रक्तातलं शिसं तपासायला आमच्याकडे येतात. त्यांना सुई लावण्याआधी काही प्रश्न विचारायचे असतात. ते मला इतके पाठ आहेत की विचारता विचारता मी घरच्या सामानाची यादी करते.

त्या दिवशी खुर्चीत एक गोरापान, गप्पिष्ट माणूस होता.

"पोटात कळा येतात?"

"नाही बा."

"हात थरथरतो?"

"अजून तरी नाही, ताई."

"चिडचिड? विसराळूपणा?"

"ते बायकोला विचारायला लागेल." आम्ही दोघंही हसलो.

"कामाचे कपडे घरी नेता?"

"छे. तिथेच अंघोळ, तिथेच कपडे. घरी पोरगं लहान आहे. ते सगळं तोंडात घालतं."

"घरात जुना रंग खरवडण्याचं काम चालू आहे?"

तो नाही म्हणाला. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. तो बाही वर करून बसला होता आणि मी त्याच्या दंडाला आवळायचा पट्टा हातात धरून तशीच उभी होते. इतकी वर्षं हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत आले होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्या कानांत शिरला. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असायचं, हे मला माहीत होतं. त्या शेंदरी प्रायमरमध्ये तर असायचंच, हेही माहीत होतं. माहीत असून ते डोक्याच्या एका कप्प्यात होतं आणि टायरातली तांबूस वाळू दुसऱ्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

घरी कशी पोचले ते मला आठवत नाही. फाटक उघडल्याचं आठवतं. खारू टायरात पाय पसरून बसली होती आणि तिचा डावा गाल फुगलेला होता.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. ओली रेती आली. मी ती तळहातावर पसरून उन्हात धरली. तांबूस कणांत मधूनच टाचणीच्या टोकाएवढे शेंदरी कण होते. तिच्या नखांच्या कडेलाही तेच. मी तिला उचललं आणि नळाखाली धरून तिचं तोंड, हात, पाय धूत सुटले. ती किंचाळत होती. 

बाबा गॅरेजातून नळी हातात घेऊनच धावत आले. "काय झालं? विंचू चावला?"

"बाबा, या वाळूत गाडीचा रंग आहे."

"तीन पाण्यांनी धुतलीय मी."

"तो जुना रंग आहे. त्यात शिसं असतं. प्रायमरमध्ये तर निव्वळ शिसं."

"पण गार्नेट निर्धोक आहे. पिशवीवर..."

"पिशवीवर गार्नेटबद्दल लिहिलंय, बाबा. गाडीबद्दल कोण लिहिणार?"

मी ओरडले नव्हते. ओरडले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. ते हातातल्या नळीकडे, मग टायराकडे, मग खारूच्या ओल्या तोंडाकडे बघत राहिले. खडे कुठले घ्यायचे, यासाठी या माणसाने रात्रंदिवस इतकी पुस्तकं पालथी घातली होती. ते खडे ज्याच्यावर मारायचे त्याचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. माझ्याही नाही.

"किती?" त्यांनी विचारलं. "किती गेलं असेल तिच्या पोटात?"

"ते रक्तच सांगेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खारूला लॅबमध्ये नेलं. तिचं रक्त मीच काढणार, असं मी आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमना बजावलं होतं. हजारो हातांत मी सुई लावली आहे, म्हाताऱ्यांच्या, बेशुद्ध माणसांच्या, ज्यांची शीर सापडत नाही अशांच्या. खारूचा दंड पट्ट्याने आवळला, कोपराच्या आतली ती दोऱ्याएवढी निळी रेघ दिसली आणि माझा हात पुढे जाईना. मॅडमनी माझ्या हातातून सुई काढून घेतली. मी खारूचं डोकं छातीशी धरून भिंतीकडे बघत राहिले.

"घरातल्या सगळ्यांचं घ्यायचं," मॅडम म्हणाल्या. "गाडीवर काम करणाऱ्याचं तर नक्की."

नवऱ्याचं घेतलं, माझं मॅडमनी घेतलं. बाबा दाराबाहेर उभे होते. "माझं कशाला," म्हणाले. मी त्यांना जवळजवळ ओढत खुर्चीत बसवलं. त्यांचा हात थरथरत होता.

"घाबरू नका, बाबा."

"माझ्यासाठी कोण घाबरतंय," ते म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या हाताने आपलाच थरथरणारा हात दाबून धरला.

शिशाची तपासणी आमच्याकडे होत नाही. नमुने मोठ्या लॅबला जातात आणि उत्तर यायला दिवस लागतात. ते दिवस मी माझ्या शत्रूलाही देणार नाही. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे टायर ओला करून प्लॅस्टिकने झाकला, गॅरेजला कुलूप लावलं, घर झाडायचं बंद केलं आणि सगळं ओल्या फडक्याने पुसायला सुरुवात केली. मी पुसलेली फरशी पुन्हा पुसायची. खारू झोपली की तिच्याकडे टक लावून बसायची. कुणाचं पोर उशिरा बोलायला लागलं, कुणाचं शाळेत मागे पडलं, शिसं मुलांच्या मेंदूला काय करतं, हे सगळं मी कामाच्या निमित्ताने वाचलेलं होतं आणि आता एकेक ओळ डोळ्यांपुढे येत होती. तिने "पाणी" म्हटलं की मला वाटायचं, काल जास्त स्पष्ट म्हणाली होती.

बाबा स्वतःहून बाहेरच्या खोलीत राहायला गेले. सगळे कपडे बदलले. पहिल्याच दिवशी ते आरशासमोर उभे राहिले आणि त्यांनी मिशी उतरवली. "धूळ असेल यात," एवढंच म्हणाले. ही मिशी ओढायला खारूला फार आवडायचं. संध्याकाळी ती त्यांच्याकडे दुडदुडत गेली, त्यांच्या उघड्या ओठाकडे बघून थबकली आणि भोकाड पसरून माझ्याकडे परत आली. बाबा दोन्ही हात वर धरून भिंतीला टेकून उभे होते, तिला चुकूनही लागू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना आवाजावरून ओळखलं आणि मग ती त्यांच्या बंद दारावर थापा मारायची. आतून उत्तर यायचं नाही.

मी ते दार उघडलं नाही. हे मी मोकळेपणाने सांगते. मला त्यांचा राग आला होता आणि रागापेक्षा भीती मोठी होती. त्यांच्या सावलीलाही खारूला जाऊ देऊ नये, असं मला वाटत होतं.

"त्यांनी मुद्दाम केलंय का?" नवरा एकदा म्हणाला. त्याची बिचाऱ्याची अडकित्त्यातली सुपारी झाली होती.

"मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं," मी म्हटलं.

एका दुपारी मी कामावरून लवकर आले, तर रजेवरचा नवरा आत खारूपाशी होता आणि बाबा अंगणात टायराशी ओणवे होते. प्लॅस्टिक बाजूला केलेलं आणि ते ओली वाळू उघड्या हातांनी पिशव्यांत भरत होते. नाकाला फडकंसुद्धा नव्हतं. मधेच पोट धरून थांबायचे, मग पुन्हा भरायचे.

"कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"मला काय होतंय आता," ते म्हणाले. "ही घाण इथून जाऊ दे."

"धूळ उडाली तर घरात येईल. खारू आत आहे." मी एवढंच म्हणाले आणि खिडक्या लावायला आत पळाले. त्यांना तिथेच पोट धरून बसलेलं सोडून पळाले. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

निकाल आले त्या दिवशी मॅडमनी मला लॅबमध्येच त्यांच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांनी आधी मला बसायला लावलं.

"मुलीचं अकरा आलंय," त्या म्हणाल्या. "पाचच्या आत असायला हवं, पण औषध लागेल इतकं नाही. वाळू गेली, खाणं नीट ठेवलं, लोह नीट ठेवलं, की उतरेल. पुढच्या महिन्यात परत बघू. तुमचं आणि नवऱ्याचं ठीक आहे."

मी तोंडावर हात धरला. रडू आलं ते दाबता येईना. मॅडम थांबल्या. माझं रडून संपेपर्यंत थांबल्या, आणि मग मला कळलं की त्यांना अजून काहीतरी सांगायचं आहे.

"तुमच्या सासऱ्यांचं चौपन्न आहे. पोटात कळा येत होत्या का त्यांना? हात थरथरत होता? विसरत होते?"

तेच प्रश्न. त्याच क्रमाने. त्या बॅटरीवाल्याला मी हेच सगळे विचारले होते आणि माझ्या कानांत फक्त शेवटचा शिरला होता. आधीच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात रोज जेवणाच्या टेबलावर बसत होतं आणि आम्ही त्याला म्हातारपण म्हणून हसत होतो.

"आजच दवाखान्यात दाखल करा," मॅडम म्हणाल्या. "उद्यावर टाकू नका. या वयात किडनी, मेंदू, कशावर बेतेल सांगता येत नाही."

मी घरी आले तेव्हा बाबा फाटकाशी उभे होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण माझ्या पायांच्या आवाजावरूनच ते ओळखत असावेत. मिशीशिवायचा तो चेहरा किती खंगला होता, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तिचं किती?"

"अकरा. उतरेल म्हणाल्या. औषध नको."

त्यांनी फाटकाचा गज धरला आणि हळूच पायरीवर बसले. स्वतःचं काही विचारलं नाही. त्यांना ते विचारायचं असतं, हेच लक्षात नव्हतं.

"बाबा, तुमचं चौपन्न आहे."

त्यांनी झटकन वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत एकदम इतकी भीती उतरली की मला वाटलं, आता समजलं त्यांना. पण ते म्हणाले, "बाटल्यांची अदलाबदल नाही ना झाली? नीट बघितलंस? तिचं अकरा आणि माझं चौपन्न, उलटं नाही ना?"

"नाही, बाबा. मी स्वतः चिठ्ठ्या लावल्या होत्या."

"नक्की?"

"नक्की."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसले. "मग काही हरकत नाही."

मी तिथे उभी होते आणि पुन्हा घाबरले होते, या वेळी त्यांच्यासाठी. मी लॅबमधूनच कळवलं होतं, त्यामुळे आत नवरा फोनवर भाड्याची गाडी बोलावत होता. दवाखान्यात ते काय सांगतील, किती उशीर झाला असेल, हा माणूस त्या खुर्चीत परत जाऊन बसेल की तेवढंही उरणार नाही, मला काही माहीत नव्हतं.

खारू दारातून बाहेर आली. बाबांना बघून थांबली, मग त्यांच्याकडे धावली. बाबांनी पटकन दोन्ही हात पाठीमागे नेले.

मी त्यांचे हात धरले. ते ओढून घ्यायला लागले, मी सोडले नाहीत. त्यांना उठवून नळाशी नेलं, साबण लावला आणि खारूची धुते तशी त्यांची एकेक नखं घासायला लागले. नखांच्या कडेला अजून शेंदरी रेघ होती. ते लहान मुलासारखे एकेक बोट पुढे करत होते. खारू माझा कुर्ता ओढत पाण्याकडे बघत होती. गाडी फाटकाशी येऊन थांबली तरी मी घासत होते.